आधी सहा पानं, मग चित्रकार: खेड्यात राहून कॉमिकचा जोडीदार कसा शोधायचा

"डोक्यात एक भन्नाट गोष्ट आहे. चित्र काढणारं कोणी ओळखीचं आहे का? पैसे कॉमिक विकल्यावर देऊ." अशा अर्थाचा निरोप मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी पुसदहून, कधी वरुडहून, कधी ब्रह्मपुरीकडून. गोष्टी बहुतेकदा चांगल्या असतात, क्रम चुकलेला असतो. चित्रकार आधी शोधतात, गोष्ट नंतर लिहायची ठरवतात, आणि पैशाचं बोलणं भांडण झाल्यावर निघतं.

"गावात बैलबाजार भरला आहे" हे वाक्य लिहायला मला दहा सेकंद लागतात. काढणाऱ्याचे दोन दिवस जातात. बैल, माणसं, टोप्या, कासरे, चहाची टपरी, मागची बाभूळ, सगळं त्यालाच उभं करायचं असतं. हा फरक ज्याच्या बोलण्यात दिसतो, त्याच्याशी चित्रकार पुढे बोलतात. खालचे टप्पे त्यावरच बेतले आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या चार टप्प्यांत चित्रकार कुठेच नाही, आणि तेच टप्पे सगळ्यात जास्त लोक गाळतात.

## १. गोष्ट सहा पानांत बसवा

पहिलंच काम म्हणून दोनशे पानांची मालिका घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका. दोन दिवसाला एक पान धरलं तरी ते ४०० दिवसांचं काम झालं. अनोळखी माणसासाठी वर्षाहून जास्त वेळ कोण देणार? सहा पानं म्हणजे बारा दिवस. एवढं मागता येतं, आणि एवढ्याचे पैसेही उभे करता येतात.

सहाच का, तर कागदाच्या हिशेबामुळे. ए-फोरचे दोन कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की ए-फाइव्ह आकाराची ८ पानं होतात. पहिलं मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ, मधली सहा गोष्टीची. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट छापून मधे दोन स्टेपल मारले की पुस्तिका तयार. पानं वाढवायची तर चाराच्या पटीतच वाढतात, हे आत्ताच डोक्यात ठेवा. नाहीतर छापताना कोरी पानं उरतात.

या लेखापुरती एक गोष्ट घेऊ. हरभऱ्याला ओलित करायचं आहे, पण लाईन रात्रीच येते. बाप जागलीला वावरात जातो, मुलगी हट्टाने सोबत येते. मध्यरात्री शेजारच्या तुरीत काहीतरी हलतं. माणसं दोन, जागा एक, रात्र एक. काढणाऱ्याला झेपेल असं काम.

तपासा: गोष्ट शेजाऱ्याला तीन वाक्यांत, शेवटासकट सांगता येते का? "शेवट चित्रकाराबरोबर बसून ठरवू" असं मनात असेल तर अजून थांबा.

## २. चौकटीत लिहा

इथे वेळ घाला. कथा लिहिणं वेगळं आणि चित्रकथेची स्क्रिप्ट लिहिणं वेगळं. स्क्रिप्ट वाचणारा एकच माणूस असतो, चित्रकार. त्याला सुंदर वाक्यं नकोत. काय दिसतं, कोण कुठे आहे, कोण काय बोलतं, एवढं हवं.

पान तीन (मुखपृष्ठ हे पान एक धरून) असं लिहिता येईल:

पान ३. चौकटी ४.
चौकट १: रात्र. वावर लांबून. मचाणावर बॅटरीचा एकच उजेड, बाकी काळोख.
चौकट २: मचाणावर बाप आडवा, डोळे मिटलेले. नऊ वर्षांची मुलगी उठून बसलेली. मुलगी डावीकडे.
मुलगी: बाबा, कायचा आवाज आला?
बाप: हवा असन. झोप तू.
चौकट ३: तुरीची झाडं, जवळून. एकच फांदी वाकलेली.
आवाज: खस्स
चौकट ४: मुलीने बापाचा सदरा घट्ट धरला आहे. बापाचे डोळे आता उघडे.

आता यातल्या खुब्या बघा.

एका चौकटीत एकच क्षण. "बाप उठतो, चप्पल घालतो, बॅटरी घेतो आणि मचाणावरून उतरतो" हे एका चौकटीत निघत नाही. चित्र थांबलेलं असतं. या चार कामांतलं एक निवडा, बाकीची वाचक आपोआप समजतो.

दुसऱ्या चौकटीत "मुलगी डावीकडे" असं मुद्दाम लिहिलं आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडे लागतो. तसं नसलं तर संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदून जातात, आणि हे लक्षात येतं तोवर पान शाईत पक्कं झालेलं असतं.

पान तीनच्या शेवटी आवाज झाला आणि उत्तर पान चारवर आहे. उघडलेल्या पुस्तिकेत दोन आणि तीन समोरासमोर असतात, चार बघायला पान उलटावं लागतं. धक्का द्यायचा तो चारवर किंवा सहावर. समोरच्याच पानावर रानडुक्कर दिसत असेल तर वाचकाची नजर आधी तिकडेच जाते.

ए-फाइव्ह पान लहान असतं. तीन ते पाच चौकटी पुरेत. एका फुग्यात वीसेक शब्दांच्या वर गेलात की चित्र झाकायला लागतं. "तिला आईची फार आठवण आली" हे वाक्य स्क्रिप्टमध्ये आलं तर स्वतःलाच विचारा, हे दिसणार कसं? आईचा फेटाळलेला फोन दिसतो, दोरीवरचं लुगडं दिसतं. आठवण दिसत नाही.

भाषेचं म्हणाल तर संवाद वऱ्हाडी, झाडीबोली, जे घरात बोलता त्यात बिनधास्त लिहा. वर्णन मात्र सगळ्यांना कळेल अशा मराठीत ठेवा. चित्रकार कोल्हापूरचा निघाला तर "धुऱ्यावर" म्हणजे बांधावर हे त्याला कोण सांगणार?

## ३. काड्यांची माणसं काढा

शाळेच्या वहीत, पेनाने. डोकं म्हणजे गोल, अंग म्हणजे काडी. सहाही पानं अशी खरडून काढा. तासाभराचं काम आहे. पान पाचवर नऊ चौकटी कोंबल्यात, किंवा सलग तीन पानं फक्त दोन डोकी बोलत बसली आहेत, हे इथेच उघडं पडतं. मग स्क्रिप्ट दुरुस्त करा.

सावध: ही खरड चित्रकाराला "असंच काढा" म्हणून देऊ नका. मागितली तरच दाखवा. चौकट कशी बसवायची हे त्याचं डोकं आहे, आणि बहुतेक वेळा ते तुमच्यापेक्षा चांगलं चालतं. एआयने बनवलेली चित्रं नमुना म्हणून पाठवण्याचं नवं खूळ आहे, तेही टाळा. समोरच्याला वाटतं, याला आपल्याकडून नक्कल करून घ्यायची आहे.

## ४. फोटो गोळा करा

माझ्या पहिल्या गोष्टीत पेरणीचा प्रसंग होता. मी लिहिलं, "वावरात पेरणी चालू आहे." चित्रं काढणारा मुलगा पुण्यात वाढलेला. त्याने मन लावून नांगर काढला, सुंदर काढला. तिफन त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तीन फण, वरचं चाडं, मागून मूठ मूठ बी सोडणारी बाई, हे मी त्याला दाखवायला हवं होतं. मी उलट चिडून लिहिलं की एवढंही माहीत नाही का. तिसऱ्या पानानंतर त्याने उत्तर देणं सोडलं. चूक सगळी माझी होती.

तेव्हा मोबाईल घेऊन वावरात जा. आपल्या गोष्टीसाठी लागतील ते फोटो असे: मचाण समोरून, बाजूने, खालून, मोटारपंपाची पेटी आणि स्टार्टर, हरभऱ्यातली दांडं, उभी तूर जवळून आणि लांबून, बॅटरी हातात कशी धरतात. शेजारी माणूस उभा करून एक फोटो घ्या, म्हणजे उंची कळते. रात्रीचे फोटो काळेच येतील, पण उजेड कुठून कुठे पडतो हे समजायला एखादा असू द्या. बंडी, वखर, डवरा, रोडग्यांचा हारा, जे जे गावाबाहेर माहीत नाही ते सगळं यात आलं.

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये, प्रत्येकाला नाव: "पान २ मचाण", "पान ४ तूर". माणसांचे चेहरे घेणार असाल तर आधी विचारा. आपलंच तोंड कॉमिकात चोर म्हणून निघालं तर गावात राहणं अवघड होतं.

तपासा: आता हातात तीन गोष्टी हव्यात. पूर्ण स्क्रिप्ट, खरड आणि फोटोंचं फोल्डर. यातलं एक जरी नसेल तर पुढचा टप्पा वाचा, पण फोन उचलू नका.

## ५. चित्रकार असतात कुठे

बहुतेक जण थेट इन्स्टाग्रामवर मुंबईच्या नावाजलेल्या माणसाला लिहितात आणि उत्तर आलं नाही म्हणून खचतात. जवळून सुरू करा.

शाळेचे चित्रकला शिक्षक. सगळ्यात आधी यांच्याकडे जा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलं हेच बसवतात, त्यामुळे गेल्या दहा वर्षांत कोणाला ए ग्रेड मिळाली, ते पोरगं आता काय करतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. भेटायला गेलात तर स्मरणचित्राचे कागद मागा. वस्तुचित्रात समोर ठेवलेली बादली बघून काढायची असते. स्मरणचित्रात बाजार, पाणवठा, बसस्टॉप, माणसं असं सगळं आठवून उभं करावं लागतं, आणि कॉमिक म्हणजे हेच. सरांना उन्हाळी सुट्टीत गाठा. विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून हाताशी वेळही जास्त मिळतो.

तालुक्याचे पेंटर. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं निम्मं काम गेलं, पण हात गेलेला नाही. दुकानाची पाटी, ट्रॉलीमागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरची चित्रं कोणाची आहेत ते विचारत जा. भिंतीवर खाली कोपऱ्यात नाव आणि नंबर बऱ्याचदा असतोच. पेंटरभाऊ सहा पानं काढतील असं नाही. पण गोष्टीचं शीर्षक आणि "खस्स", "धाड" असे आवाज त्यांच्या ब्रशने लिहून घ्या. संगणकातल्या कुठल्याच अक्षराला ती ऐट येत नाही. हे स्वतंत्र काम समजून त्याचे स्वतंत्र पैसे द्या.

झाडीपट्टी नाटकांचे पडदे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात असाल तर देसाईगंज-वडसा हे नाटक मंडळ्यांचं गाव तुम्हाला सांगायला नको. पडदे रंगवणारे लोक वाडा, जंगल, रस्ता असं नेपथ्य झटझट उभं करतात, आणि नवशिक्या कॉमिकमध्ये नेमकी पार्श्वभूमीच रिकामी असते. मात्र हंगाम बघून जा. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (म्हणजे गावोगावच्या जत्रांपासून) होळीपर्यंत ही मंडळी रात्रंदिवस कामात असतात. होळी झाली की जा.

चित्रकला महाविद्यालयं. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय सगळ्यांना माहीत आहे, पण कलाशिक्षक पदविका शिकवणाऱ्या लहान संस्था इतरही शहरांत आहेत. जाल तर उपयोजित कलेच्या मुलांना भेटा, पुस्तकांसाठी चित्रं काढणं त्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी एसटीने जा, फिरून बघा, आवडलेल्या चित्राखालचं नाव वहीत लिहा. परीक्षेच्या महिन्यात जाऊ नका.

दिवाळी अंक. गावच्या वाचनालयात जुने गठ्ठे पडलेले असतात. कथांबरोबरच्या चित्रांखाली किंवा अनुक्रमणिकेत चित्रकारांची नावं छापलेली असतात. ही मंडळी अनुभवी आणि कामात गुंतलेली असतात. पहिली पुस्तिका हातात आली की मग यांना लिहा.

इन्स्टाग्राम वापरायचंच असेल तर "कॉमिक आर्टिस्ट" असं शोधू नका. पोळा, तान्हा पोळा, मारबत, संत्रा, एसटी अशा आपल्या गोष्टी मराठीतून शोधा. ज्याने स्वतःहून तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला आहे, त्याला तुमचं गाव समजावून सांगावं लागत नाही.

सावध: चित्रकार मुलगी असेल तर पहिला निरोप शिक्षकांमार्फत किंवा घरच्यांना माहीत होईल असा जाऊ द्या. भेट शाळेत किंवा वाचनालयात. रात्री फोन नाही. चांगली चित्रं काढणाऱ्या कितीतरी मुली अनोळखी पुरुषांच्या निरोपांना उत्तरच देत नाहीत, आणि त्याला कारणं आहेत. अठरा वर्षांखालचं कोणी असेल तर बोलणं आई-वडिलांशीच करा. अज्ञान मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही.

## ६. चित्र आवडलं म्हणजे झालं असं नाही

पेन्सिलचं हुबेहूब पोर्ट्रेट पाहून लोक भुलतात. रांगोळीतला शिवाजी महाराजांचा चेहरा पाहून तर फारच. ते कौशल्य मोठं आहे, पण इथे वेगळं लागतं. तीच मुलगी वीस चौकटींत, समोरून, मागून, पळताना, रडताना, तीच वाटली पाहिजे.

म्हणून एवढंच विचारा: एकाच माणसाची तीन वेगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं आहेत का? हात-पाय दिसतात, की सगळे हात खिशात आहेत? घराला दार, दाराला उंबरठा आहे का, की माणसं कोऱ्या कागदावर तरंगतात? हे जमत असेल तर रेघ थोडी कच्ची असली तरी चालेल. रेघ सहा पानांत सुधारते. तोच माणूस पुन्हा पुन्हा तसाच काढायची सवय नसेल तर ती सहा पानांत येत नाही.

तीन जणांची यादी करा. एकावेळी एकालाच लिहा. तिघांना एकच निरोप पाठवला आणि तिघे एकमेकांच्या ओळखीचे निघाले, तर तिघेही जातात. तालुका लहान असतो.

## ७. पहिला निरोप

लांब नको, आणि गूढही नको. "एक प्रोजेक्ट आहे, फोनवर सांगतो" याला उत्तर येत नाही. असं काहीतरी:

"नमस्कार ताई. मी दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो, गोष्टी लिहितो. शाळेच्या भिंतीवर तुम्ही काढलेली पाणी शेंदणारी म्हातारी पाहिली, तिच्या पाठीचा बाक फार खरा उतरलाय. माझी सहा पानांची चित्रकथा लिहून पूर्ण आहे: जागलीला गेलेले बाप-लेक आणि तुरीतला आवाज. छपाई काळ्या-पांढऱ्यात आहे. आधी एकच पान काढून बघू, त्या पानाचे पैसे मी देईन. मे महिन्यात वेळ आहे का, आणि एका पानाचं काय घ्याल? पान ३ ची स्क्रिप्ट जोडली आहे. जमणार नसेल तर 'नाही' एवढं कळवलं तरी चालेल."

सर असतील तर सर, पेंटरभाऊ असतील तर भाऊ. पण एक नेमकं चित्र आणि त्यातली एक नेमकी गोष्ट नाव घेऊन सांगायलाच हवी. त्यावरूनच कळतं की हा निरोप पन्नास जणांना गेलेला नाही.

गोष्ट चोरीला जाईल या भीतीने स्क्रिप्ट लपवून ठेवणारे बरेच भेटतात. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, तो लिहिलेल्या मजकुरावर असतो, आणि लिहिल्या क्षणापासून असतो. नोंदणी सक्तीची नाही. स्क्रिप्ट स्वतःला ईमेल करून ठेवा, तारीख राहते, आणि निवांत पाठवा.

आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको. यादीतल्या पुढच्या माणसाकडे जा.

## ८. एका पानाची चाचणी, पैसे देऊन

हा टप्पा गाळू नका, समोरचा सख्खा मावसभाऊ असला तरी. सगळ्यात अवघड पान निवडा, सोपं नव्हे. आपल्या गोष्टीत ते पान तीन आहे: रात्र, दोन माणसं, भाव, झाडं, सगळं त्यात आहे.

या एका पानात चित्रापेक्षा माणूस जास्त कळतो. सांगितलेल्या दिवशी काम आलं का? उशीर होणार हे आधी कळवलं का? एक दुरुस्ती सांगितली तर तोंड वाकडं झालं का? त्यालाही तुमच्याबद्दल हेच कळतं. पान आवडलं नाही तरी ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या, आभार माना आणि थांबा. "फुकट करून बघा, आवडलं तर पुढचं देऊ" हे पेंटरला पाटी रंगवताना म्हणता का?

## ९. पैसे आणि हक्क, एका कागदावर

दर काय असतो, असं सगळे विचारतात. मी दुसरीकडून सुरू करतो. त्या माणसाला एका दिवसाच्या कामाचे किती मिळतात आणि एका पानाला किती दिवस लागतात, एवढं विचारा. समजा दिवसाचे ८०० रुपये आणि पानाला दीड दिवस. पानाचे १,२०० झाले, सहा पानं आणि मुखपृष्ठ मिळून सात पानांचे ८,४००. एवढे नाहीत? मग गोष्ट तीन पानांची करा, किंवा कापूस विकल्यावर सुरू करा. दर पाडू नका.

नफ्यातल्या वाट्यावर काम करून घ्यायचं असेल तर आधी खरं सांगा: झेरॉक्सच्या पन्नास प्रतींत नफा नसतो. दोघांनाही हौस असेल आणि दोघांनीही हे मान्य केलं असेल तर निम्मं-निम्मं ठरवा. पण तशा कामाला तारखांची घाई करायचा हक्क तुम्हाला उरत नाही.

पैसे तीन हप्त्यांत: सुरुवातीला, पेन्सिलचं काम झाल्यावर, शेवटचं पान आल्यावर. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात "पान १ ते ३" असं लिहा. पुढे तोच पुरावा होतो.

हक्कांचं थोडं समजून घ्या. स्क्रिप्टचे कर्ते तुम्ही, चित्रांचा कर्ता चित्रकार. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरतात. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हस्तांतरणच संपतं. म्हणजे "सगळे हक्क माझे" असं फोनवर बोलून काहीच होत नाही. पहिल्या कामाला हक्क विकत घेण्याच्या फंदात पडू नका, असं माझं मत आहे. ज्याचं काम त्याचे हक्क, आणि पुस्तिका छापायला दोघांची संमती, एवढं पुरतं.

कागदावर साध्या मराठीत हे लिहा आणि दोघांनी सही करा: पानं किती आणि कोणत्या आकाराची, एका पानाचे किती, केव्हा, कोणत्या तारखेपर्यंत, किती वेळा दुरुस्ती फुकट, मुखपृष्ठावर दोघांची नावं कशी, मूळ कागद कोणाकडे राहणार (चित्रकाराकडेच राहू द्या), पुन्हा छापलं, ऑनलाइन टाकलं किंवा हिंदीत केलं तर पैशाचं कसं, काम मधेच थांबलं तर काय. शेवटचा मुद्दा लिहायला लाज वाटते, पण तोच लागतो.

तपासा: सही झालेल्या कागदाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये आहे का? हो असेल तरच पहिला हप्ता.

## १०. काम चालू असताना

क्रम असा असतो: आधी बोटभर आकाराची कच्ची मांडणी, मग पेन्सिल, मग शाई, शेवटी अक्षरं. प्रत्येक पायरीला बघा, पण दुरुस्त्या सुरुवातीच्या पायऱ्यांना सांगा, पुढच्या पायऱ्यांना कमी करत जा. मांडणीत "मचाण उजवीकडे घेऊ" म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. शाई झाल्यावर तेच म्हटलं तर पान पुन्हा. शाईनंतर फक्त चूक सांगायची: मुलीची वेणी एका चौकटीत गायब आहे, बॅटरी डाव्या हातातून उजव्या हातात गेली. "मजा नाही आली" ही दुरुस्ती होत नाही.

आठवड्याला एक फोन, ठरलेल्या वारी. रोज "झालं का?" विचारू नका. सोयाबीन सोंगायला आलं किंवा घरी लग्न असलं की काम थांबणारच. वेळापत्रक धरतानाच पोळा, गणपती आणि दिवाळी वगळा. गणपतीत तर रंगाला हात लावणारा प्रत्येक माणूस मूर्तींत गुंतलेला असतो.

कागदावर काढत असतील तर ए-फोरवर काढून ए-फाइव्हवर लहान करा. प्रमाण तेच राहतं आणि रेघ बांधीव दिसते. झेरॉक्सला पेन्सिलची फिकट छटा आणि राखाडी रंग मानवत नाही, डाग पडतात. काळी शाई आणि कोरा कागद एवढंच धरा. बहुतेक मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, चारही बाजूंनी १० मिमी मोकळं सोडा. स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. स्कॅनर नसेल तर दिवसा खिडकीजवळ, मोबाईल कागदाला समांतर धरून फोटो घ्या, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि रेघा फुटतात.

## ११. अक्षरं तुम्ही बसवा

फुग्यांतली अक्षरं लेखकाने स्वतः बसवावीत. पैसे वाचतात, शुद्धलेखन आपल्या हातात राहतं, आणि शेवटच्या दिवशी संवाद बदलायची मुभा मिळते. इंकस्केप आणि क्रिता ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मुक्ता आणि बालू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्यात मिळतात. चित्राची फाईल वेगळी, अक्षरांची वेगळी ठेवा.

देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, म्हणून दोन ओळींत जास्त जागा लागते. फुगा उंचीला मोठा हवा, हे चित्रकाराला मांडणीच्या वेळीच सांगा. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर जुने फाँट असतात आणि तुमची जोडाक्षरं तुटतात. त्यामुळे नेहमी पीडीएफ न्या, आणि आधी एकच पान खऱ्या आकारात छापून हातभर अंतरावरून वाचा. आजीला वाचता आलं तर अक्षर बरोबर.

## १२. मधेच थांबलं तर

थांबतं. नोकरी लागते, लग्न ठरतं, मन उडतं. दोनदा तारीख हुकली की फोन करा, लिहू नका, आणि सरळ विचारा, पुढे करायचं की इथे सोडायचं. सोडायचं असेल तर झालेल्या पानांचे पैसे पूर्ण द्या. त्याची पेन्सिलची पानं दुसऱ्याला शाई करायला द्यायची असतील तर लेखी परवानगी घ्या. नसेल देत तर नवा माणूस पहिल्या पानापासून सुरू करेल. अर्धी चित्रं एकाची, अर्धी दुसऱ्याची असली तर मुलगी पान तीनवर एक आणि पान पाचवर दुसरीच दिसते. गावातल्या ग्रुपवर त्याच्याबद्दल लिहू नका. यादीतला दुसरा माणूस त्याच ग्रुपवर असतो.

पुस्तिका छापून आली की पहिल्या दहा प्रती चित्रकाराच्या घरी नेऊन द्या, एक पेंटरभाऊंच्या दुकानात, एक चित्रकला शिक्षकांना, एक वाचनालयात. मूळ कागद परत द्यायचे राहिले असतील तर त्याच फेरीत द्या, प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून. पावसाळा असेल तर दोन पिशव्या.